पाठीतलं पाणी फ्रिजमध्ये ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केरळच्या 'मेंदू खाणाऱ्या अमिबा'ची बातमी आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्डचा पाऊस, विहिरीचं पाणी पिऊ नका म्हणे. अहो, हा अमिबा, म्हणजे नेग्लेरिया फाउलेरी, त्याचा आजार पाणी पिण्यातून होतच नाही! कोमट गोड्या पाण्यात बुडी मारताना नाकात पाणी शिरलं की वासाच्या नसेवरून तो थेट मेंदूत चढतो. (कावीळ-गॅस्ट्रोचं म्हणत नाहीये, ते वेगळं.)

पण माझा मुद्दा दुसराच आहे. मी लॅबमध्ये काम करतो. या आजारात ताप, प्रचंड डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, सगळं बॅक्टेरियाच्या मेनिंजायटिससारखंच (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज), पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव, तपासायला काढलं तर तेही तसंच, पांढऱ्या पेशी भरपूर आणि शुगर कमी, फक्त ग्राम स्टेनमध्ये (बॅक्टेरिया रंगवून बघायची टेस्ट) जंतू सापडत नाही. मग आपण कल्चरची (सॅम्पलमधले जंतू वाढवून बघायची टेस्ट) वाट बघत बसतो आणि अँटिबायोटिक चालू ठेवतो. पण पेशंटकडे तेवढा वेळ नसतो, लक्षणं सुरू झाल्यावर साधारण पाच दिवसांत माणूस जातो. अशा वेळी ताज्या सॅम्पलचा एक थेंब स्लाइडवर घेऊन लगेच मायक्रोस्कोपखाली बघायचा, एवढंच. अमिबा दिसतो पांढऱ्या पेशीसारखाच पण तो सरकतो, त्यावरूनच ओळखायचा. सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवलं की तो हलायचा थांबतो आणि आपण त्याला पेशींमध्ये मोजून मोकळे! पीसीआरने (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) खात्री काय, नंतरही होते.

जगभरात या आजारात शंभरातले सत्त्याण्णव दगावतात. तरी २०२४ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातला १४ वर्षांचा मुलगा वाचला, कारण वडिलांनी याबद्दल वाचलेलं होतं आणि पोरगा तळ्यात पोहलाय हे त्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगितलं. निदान लवकर झालं, मिल्टेफोसिन वगैरे औषधं वेळेत मिळाली. (हे मिल्टेफोसिन म्हणजे काळा आजारावरचंच औषध.)

आपल्याकडे मे महिन्यात गावोगावी पोरं विहिरीत पोहायला शिकतात, ते बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ताप आणि मान आखडलेला पेशंट आला की 'गेल्या पंधरा दिवसांत कुठे पोहला होता का' हे विचारायला काय जातं? जिल्हा रुग्णालयांत ही स्लाइड बघायची सक्ती करा, आणि मिल्टेफोसिनचा साठा निदान सरकारी मेडिकल कॉलेजांत तरी ठेवा, रात्री दोन वाजता नातेवाइकांनी ते कुठल्या मेडिकलमध्ये शोधायचं?

– एक लॅब टेक्निशियन, सांगली