मॅकार्थी तिथे नव्हतेच!

महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ‘लाल भीती’वर, म्हणजे कम्युनिस्टांच्या धसक्यावर, अख्खे पान दिलेत, आभार. आभार इथेच संपतात. ‘हॉलिवूडच्या दहा जणांना सिनेटर मॅकार्थींनी आपल्या समितीपुढे खेचून तुरुंगात धाडले’ हे वाक्य लेखात आहे, चौकटीत आहे आणि कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून छायाचित्राखालीही आहे.

ती ‘अन-अमेरिकन’ कारवायांची चौकशी करणारी समिती प्रतिनिधिगृहाची, मॅकार्थी सिनेटचे, म्हणजे दुसऱ्याच सभागृहाचे. आपल्या लोकसभेच्या अंदाज समितीवर राज्यसभेचा खासदार बसलेला कोणी पाहिलाय? समिती १९३८ची. हॉलिवूडची सुनावणी ऑक्टोबर १९४७ मधली, अध्यक्ष जे. पार्नेल थॉमस. सरकारात कम्युनिस्ट शिरल्याचा आरोप करणारे मॅकार्थींचे व्हीलिंगचे गाजलेले भाषण ९ फेब्रुवारी १९५०चे! तोवर सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी करणारा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा हुकूम निघून (२१ मार्च १९४७) तीन वर्षे होत आली होती, आणि त्यात आरोप कोणी केला हे नोकराला कळेलच याची हमी नव्हती. मॅकार्थी हे आयत्या बिळावरचे नागोबा. बीळ खणणारे तुमच्या लेखात कुठेच नाहीत.

(थॉमस महाशयांचे पुढे काय झाले तेही द्यायला हरकत नव्हती. कार्यालयात खोटे नोकर दाखवून पगार लाटल्याबद्दल ते आत गेले आणि डॅनबरीच्या तुरुंगात त्यांना शेजार मिळाला त्या दहांपैकीच दोघांचा, रिंग लार्डनर ज्युनिअर आणि लेस्टर कोल यांचा.)

पण हे सोडा. ‘साक्षीदारांनी सरळ उत्तरे दिली असती तर काय बिघडले असते?’ असे लेखक मोठ्या निरागसपणे विचारतात. सांगतो. पहिला प्रश्न ठरलेला: तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात किंवा कधी होता का? ‘नाही’ म्हणालात आणि उद्या कोणी उलट साक्ष दिली, की खोट्या साक्षीचा खटला. ‘होतो’ म्हणालात की लगेच पुढचा प्रश्न, बरोबर कोण कोण होते? आता तोंड मिटायची सोय नाही. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा, अमेरिकी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा हक्क पहिल्याच प्रश्नाला सांगावा लागतो. एकदा मान्य केलेत की त्याच विषयाच्या तपशिलांना तो लागू राहत नाही. डेन्व्हरच्या रॉजर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हेच ठरवले. रॉजर्सबाईंनी आपण पक्षाच्या खजिनदार होतो हे सांगितले, दप्तर कोणाकडे दिले ते सांगेनात, म्हणून शिक्षा. म्हणजे स्वतःपुरते खरे बोलून मित्रांची नावे झाकायची, हा मधला मार्ग कायद्यानेच बंद होता.

त्या दहा जणांनी तर पाचवी नव्हे, पहिली दुरुस्ती पुढे केली: मत आणि संघटना हा आमचा खासगी प्रश्न, समितीला तो विचारायचा अधिकारच नाही. न्यायालयात हे टिकले नाही; काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अवमानाबद्दल ते तुरुंगात गेले. हे पाहून पुढच्यांनी पाचवी धरली. तुरुंग टळला, नोकरी गेली. न्यूयॉर्क शहराच्या सनदेत ९०३ क्रमांकाचे कलमच होते. शहराच्या नोकराने पाचवीचा आधार घेऊन उत्तर टाळले की नोकरी आपोआप संपली, चौकशी नाही, काही नाही. ब्रुकलिन कॉलेजचे प्राध्यापक स्लोचोवर यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ते गैर ठरवले १९५६ साली, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. आता सांगा, सरळ उत्तर म्हणजे नेमके कोणते?

आणि शेवटचे वाक्य! ‘आपल्याकडे मात्र असा बागुलबुवा कधी उभा राहिला नाही.’ मुंबईत छापल्या जाणाऱ्या मराठी वृत्तपत्रात! १९२८चा गिरणी संप सहा महिने चालला आणि २० मार्च १९२९ रोजी कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांची देशभर धरपकड झाली. डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही आपल्या इथलीच माणसे. मग त्यांच्यावरचा कटाचा खटला मेरठला का? मुंबईत उभा राहिला असता तर ज्यूरी बसवावी लागली असती. मेरठला ती कटकट नव्हती. निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने शिक्षा भराभर कमी केल्या, पण पुढाऱ्यांना गिरणगावापासून तोडायचे काम तोवर उरकले होते. लालबाग-परळच्या कोणत्याही जुन्या वाचनालयात ही माहिती मिळेल. लेखकांना लोकलने जाता येईल, व्हिसा लागत नाही.

खुलासा छापणार असाल तर रविवारच्या पुरवणीतच छापा. आपले खुलासे हल्ली वर्षश्राद्धाच्या जाहिरातींखाली सापडतात, तेही भिंग घेऊन. आणि माझे पत्र नेहमीप्रमाणे कापायचेच असेल तर थॉमस यांचा कंस कापा, मेरठला हात लावू नका.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई