अण्णा, विमा विकायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय अण्णांस,
सा. न. वि. वि.

घरी येऊन आभार मानले असते, तर तुम्ही "राहू दे गं पोरी" म्हणून चहा सांगितला असता आणि विषय तिथंच संपला असता. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आपल्या सांगली जिल्ह्यात कितीतरी पोरंपोरी विमा एजंटची परीक्षा पास होतात. मामा, चुलते, शेजारी यांच्या पॉलिसी काढून झाल्या की पुढं कुठल्या दारात जायचं आणि तिथं काय बोलायचं, हे त्यांना कुणी सांगत नाही. मला तुम्ही सांगितलंत.

नव्या एजंटाला सगळे मार्चमध्ये पळवतात. कर वाचवायला नोकरदार तेव्हा पॉलिसी घेतो, ते खरंच आहे. पण तासगावच्या बागायतदाराचं वर्ष वेगळं चालतं. ऑक्टोबर छाटणीनंतर त्याचा सगळा पैसा औषधांत आणि मजुरीत जातो. त्या दिवसांत हप्त्याची तारीख पडली, तर पॉलिसी दुसऱ्याच वर्षी बंद पडते. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, पण तेवढ्यानं त्याचं भागत नाही. म्हणून द्राक्षवाल्याची पॉलिसी बेदाणा विकून पैसे हातात आल्यावर काढायची, म्हणजे पुढचे हप्तेही त्याच सुमारास येतात. ऊसवाल्याचं कारखान्याच्या बिलाकडे बघून ठरवायचं. दुधाचं बिल खात्यावर येतं त्याला महिन्याचा हप्ता, खात्यातूनच कापला जाणारा. माझ्या पॉलिसी टिकतात त्या यामुळं. कंपनीच्या प्रशिक्षणात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि गलाईवाले! खानापूर-आटपाडीकडची ही माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. ती गावात भेटतात यात्रेला, नाहीतर दिवाळीला. यात्रेच्या आदल्या दिवशी तुम्ही मला त्या वाड्यात घेऊन गेलात, तो दिवस मला लख्ख आठवतो. पॉलिसी घेणारा चाळिशीतला होता आणि त्याला बीपीची गोळी चालू होती. तो म्हणाला, "तेवढं लिहू नका अण्णा, उगाच हप्ता वाढंल." तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "गोळ्यांची पट्टी आणा." पट्टी आली. चष्मा वर सरकवून तुम्ही गोळीचं नाव एकेक अक्षर बघून प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, उतरवलंत. किती दिवसांपासून घेतात, कुठल्या डॉक्टरांनी दिली, तेही लिहिलंत. फॉर्मची झेरॉक्स त्यांच्या कपाटात ठेवायला लावलीत. मिरजेत मेडिकल झालं, हप्ता थोडा वाढून आला. कुरकुर करत का होईना, त्यांनी भरला.

दुसऱ्या वर्षी ते गेले. हार्ट अटॅक.

पॉलिसीला तीन वर्षं झाली नव्हती, त्यामुळं चौकशी आली. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणं तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर कुठल्याच कारणानं शंका घेता येत नाही. त्याआधी मात्र माहिती लपवल्याचं दाखवून क्लेम नाकारता येतो. वहिनी घाबरून ओसरीवर बसल्या होत्या. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बीपी होता ना?" तुम्ही कपाटातली झेरॉक्स पुढं केलीत. गोळीचं नाव तिथं लिहिलेलं होतं. साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं आणि पुढं फारसं काही विचारलं नाही. क्लेम मंजूर झाला, पैसे वहिनींच्या खात्यावर जमा झाले. तेराव्याला गर्दी होती, भावकीतले सगळे होते, पण तुम्ही विम्याचं अवाक्षर काढलं नाहीत. महिनाभरानं त्याच भावकीतून फोन यायला लागले. पत्रकं, बॅनर, मोबाइलवरचे मेसेज मीही वापरते, पण त्या गल्लीत मला जी ओळख मिळाली, ती त्या एका फॉर्ममुळं.

टर्म पॉलिसीचं, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या विम्याचं, नाव काढलं की आपल्याकडं हमखास प्रश्न येतो, "जगलो तर परत काय मिळणार?" तुमचं उत्तर मी जशाच्या तसं वापरते. ढग आले की द्राक्षावरच्या डावणी रोगाची फवारणी घेतोच ना आपण? रोग आला नाही म्हणून औषधाचे पैसे मागायला दुकानात जातो का? बागायतदार हसतो, आणि मग खरं बोलणं सुरू होतं: सोसायटीचं कर्ज किती, पतसंस्थेचं किती, पोरं कितवीला. विम्याचा आकडा यातून काढायचा, कमिशन कशावर जास्त ते बघून नाही, हे तुमचं सांगणं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय, त्यामुळं टर्मचं गणित पटवणं आता जरा सोपं झालंय.

कर्जबाजारी माणसाला तुम्ही आवर्जून १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा समजावता. त्याखाली पॉलिसी घेतली तर पैसा बायको-मुलांचा राहतो, सावकार किंवा बँक त्याला हात लावू शकत नाही. पण ते प्रपोजलच्या वेळीच लिहावं लागतं. कितीतरी एजंट हा रकाना कोरा सोडतात, याचा मला फार राग येतो.

पहिला हप्ता आपल्या खिशातून भरून धंदा ओढणारे आपल्या बाजारात कमी नाहीत. असं आमिष देणं कलम ४१ खाली गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत. तुमच्या हातची काही मोठी गिऱ्हाइकं अशीच गेली, तरी तुम्ही हललात नाहीत. उलट ज्यांना आपला हप्ता झेपणार नाही, त्या शेतमजूर बायकांना तुम्ही बँकेत पाठवायचात: प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं संरक्षण, वय १८ ते ५०. त्यात तुम्हाला दमडी मिळत नव्हती. तरी मे महिना संपत आला की "खात्यात पैसे ठेवा गं, हप्ता कापायचाय" हे सांगत तुम्ही वस्तीवर फिरायचात. त्या बायकांचीच शिकलेली पोरं आज नोकरीला लागली की पहिल्या पॉलिसीसाठी मला फोन करतात. अण्णा, हे पीक तुमचं आहे, काढणी मी करतेय, याची मला पुरती जाणीव आहे. मनापासून आभार.

एक काम अर्धं राहिलंय. तुमच्या जुन्या पॉलिसीधारकांत नॉमिनी म्हणून आई-वडील लावलेले बरेच आहेत, आणि त्यातले कितीतरी आता हयात नाहीत. ते बदलून घ्यायला सुरुवात केलीय. कवठेमहांकाळची बाजू झाली, पलूसची राहिलीय. तिकडच्या घरांचे पत्ते बदललेत. पुढच्या आठवड्यात येते, तेवढी तुमची वही काढून ठेवा.

तुमची,
तासगावची पोरगी