‘इफ’पुढचा ‘विल’ येतो कुठून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘इफ इट विल रेन, आय विल नॉट कम’ हे वाक्य नागपुरातल्या शाळकरी वह्यांत हमखास सापडते. शिक्षक ‘विल’वर लाल काट मारतात, फळ्यावर ‘इफ अधिक साधा वर्तमानकाळ’ हे सूत्र लिहितात आणि पुढच्या वहीत तीच चूक पुन्हा भेटते. हा मुलांचा निष्काळजीपणा नव्हे. चूक त्यांच्या कानात बसली आहे.

मराठीत आपण ‘पाऊस आला तर मी येणार नाही’ म्हणतो. गोष्ट उद्याची, तरी ‘तर’च्या आधी ‘येईल’ म्हणत नाही. पण आपल्या शहरात उंबरठा ओलांडला की हिंदी सुरू होते आणि हिंदीत ‘बारिश होगी तो नहीं आऊंगा’ सर्रास चालते. तो ‘होगी’ इंग्रजीत ‘विल’ होऊन बसतो. म्हणून सूत्र सांगण्याआधी मुलांकडून मराठी वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यावे.

मराठीतही एक खड्डा आहेच. ‘पास झालो तर’मधला ‘झालो’ पाहून हुशार मूल ‘इफ आय पास्ड’ लिहिते. हा ‘झालो’ काल घडलेले सांगत नाही, क्रिया पुरी झाली तर एवढेच सांगतो. इंग्रजीत मात्र पुढच्या परीक्षेबद्दल ‘इफ आय पास्ड’ म्हटले की पास होण्याची आशा फारशी नाही, असा अर्थ निघतो. शक्यता खरीखुरी असेल तर ‘इफ आय पास’च हवे.

नुसता ‘विल’ खोडून भागत नाही. मागे ‘इफ इट रेन’ उरते. ‘विल’ होता तोवर ‘एस’ लागत नव्हता, तो गेला की ‘रेन्स’ करावे लागते. बहुतेक मुले इथे दुसऱ्यांदा अडखळतात.

‘विल दुसऱ्या भागात’ हे शिकवणे तर बंदच करावे. ‘इफ द मेट्रो इज लेट, आय विल टेक अ‍ॅन ऑटो’ हे वाक्य फिरवा: ‘आय विल टेक अ‍ॅन ऑटो इफ द मेट्रो इज लेट.’ ‘विल’ पहिल्या भागात आला, स्वल्पविराम गेला. खूण ‘इफ’ची धरायची, जागेची नाही. पुढच्या काळाबद्दल बोलताना ‘व्हेन’ आणि ‘अनटिल’ही याच पंगतीतले.

‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल’ म्हणजे अभ्यास केलास तर नापास होशील! आणि ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ ही सभ्य विनंती आहे, तिथल्या ‘विल’ला काट मारू नये.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना कळकळीची विनंती: गाळलेल्या जागेपुढे कंसात क्रियापद देण्याऐवजी मराठी वाक्य द्या आणि पूर्ण इंग्रजी वाक्य मागा. कंसातला ‘रेन’ बघून अचूक ‘रेन्स’ भरणारे मूल निबंधात पुन्हा ‘विल रेन’च लिहिते.

इंग्रजीचे काही शिक्षक, नागपूर