नाव विचारायचे राहून गेले, त्यांचे आभार

आमच्या मुलाला टूरेट सिंड्रोम (इच्छा नसताना वारंवार हालचाली आणि आवाज होण्याचा मेंदूविकार) असल्याचे निदान होईपर्यंत ज्या अनोळखी माणसांनी आम्हाला सावरले, त्यांचे आभार येथे जाहीरपणे मानतो. वाचनालयात तो सारखा घसा खाकरू लागल्यावर लोक वळून पाहत होते, तेव्हा "तो मुद्दाम करत नाही" एवढेच सांगून पुन्हा पुस्तकात डोके घालणाऱ्या बाईंचे नावही आम्ही विचारले नाही. डोळे मिचकावण्यासाठी नेत्रतज्ज्ञ आणि खाकरण्यासाठी अ‍ॅलर्जीची औषधे, असे भटकत असताना प्रतीक्षालयातील एका गृहस्थांनी बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवले. तेथील डॉक्टरांनी समजावले की, याचे निदान रक्ततपासणीने होत नाही; अठराव्या वर्षापूर्वी सुरू झालेल्या, वर्षाहून अधिक काळ टिकलेल्या हालचालींच्या आणि आवाजाच्या टिक्सच्या (म्हणजे अशा अनावर, वारंवार होणाऱ्या क्रियांच्या) इतिहासावरूनच ते करावे लागते.

शिंकेआधी नाकात होते तशी अनावर जाणीव टिकच्या आधी होते, ती ओळखून त्या क्षणी वेगळी, विरोधी हालचाल करण्याचा सराव ज्या समुपदेशक ताईंनी घडवून घेतला, त्यांचे ऋण वेगळेच आहे. टिक काही वेळ दाबता येते, पण त्यात मूल थकून जाते, हेही त्यांनीच शाळेला पटवले.

फ्रेंच वैद्य जॉर्ज जिल द ला टूरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचे वर्णन केले, तरीही हा आजार म्हणजे शिवीगाळ असेच अनेकांना वाटते (आम्हालाही वाटत होते), वास्तविक ते लक्षण थोड्याच जणांत आढळते. हे न हिणवता सांगणाऱ्या त्या परिचारिकेलाही मनःपूर्वक धन्यवाद.