फ्रीजवरची मेणबत्ती

महोदय,

गेल्या पावसाळ्यात रात्री वीज गेली. सवयीप्रमाणे मेणबत्ती फ्रीजवरच्या प्लास्टिकच्या ट्रेवर मेण ओघळवून चिकटवली आणि आम्ही गॅलरीत हवा खात बसलो. वास आला म्हणून आत धावलो. मेणबत्ती बुडापर्यंत जळून ट्रेला रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि खिडकीचा पडदा वाऱ्याने थेट तिथवर येत होता. थोडक्यात वाचलो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत एकाच वेळी वीज गेली होती. तरी टॉर्च जागेवर ठेवायची अक्कल आम्हाला आली नाही!

आता मेणबत्ती वाळू भरलेल्या स्टीलच्या वाटीत रोवतो, वात पाव इंचच ठेवतो. खोली सोडताना आधी फुंकर. भेट मिळणाऱ्या काचेच्या बरणीतल्या सुगंधी मेणबत्त्याही तळाशी बोटभर मेण उरलं की विझवाव्यात, नाहीतर काच तडकते. पेटलेल्या मेणावर पाणी मात्र ओतू नका, ते भडकून उडतं, झाकणाने गुदमरवा. आवरत नसेल तर बाहेर पडून १०१ फिरवा.

सोसायट्यांनी या सूचना लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावाव्यात. तिथे सध्या फक्त थकबाकीदारांची यादी असते.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे