चतुर्थी ऑगस्टात की सप्टेंबरात?

गोवा विद्यापीठ, ताळगाव पठार

प्रिय दीपक,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात किती माल खपेल हे तुझे बाबा गल्ल्यावर बसल्या बसल्या सांगतात, मग तुम्ही तिथे संगणकावर काय काढता, असं तू विचारलंस. प्रश्न मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

या सत्रात आम्हाला फोरकास्टिंग, म्हणजे मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज काढणं, हा विषय आहे. सुरुवात चलसरासरीपासून, म्हणजे शेवटच्या काही महिन्यांची सरासरी पुढे पुढे सरकवत नेण्यापासून झाली, पण मी रमलो होल्ट-विंटर्स पद्धतीत. चार्ल्स होल्ट यांनी १९५७मध्ये तिचा पाया घातला, पीटर विंटर्स यांनी १९६०मध्ये हंगामाचा भाग प्रसिद्ध केला. विक्रीची आजची पातळी, तिचा चढता-उतरता कल आणि दरवर्षी परतणारा हंगाम, असे तीन भाग ही पद्धत वेगळे करते. ताज्या महिन्यांना वजन जास्त, जुन्यांना कमी कमी होत गेलेलं. गोव्याला हे किती लागू पडतं बघ: जून-जुलैत ६१ दिवस ट्रॉलर बंद, ऑक्टोबरपासून पर्यटक.

पण तुमच्या फोंड्याच्या दुकानाचा खरा हंगाम गणेश चतुर्थीचा, आणि ती इंग्रजी महिन्याला बांधलेली नाही. २०२२मध्ये ती ३१ ऑगस्टला होती. २०२३मध्ये अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरवर गेली. २०२४मध्ये ७ सप्टेंबर, २०२५मध्ये २७ ऑगस्ट. बारा महिन्यांचा हंगाम धरणाऱ्या पद्धतीला वाटेल, २०२३च्या ऑगस्टात धंदा बसला! बाबा मात्र पंचांग बघून माल भरतात. म्हणजे आधी शहाणं व्हायला हवं ते आमच्या मॉडेलने. उपाय अवघड नाही. चतुर्थीआधीचे खरेदीचे दिवस त्या त्या महिन्यात किती पडले, याचा वेगळा रकाना करून तो मॉडेलला द्यायचा. कार्निव्हलचंही तसंच, तो ईस्टरच्या तारखेप्रमाणे सरकतो.

२०२०चा लॉकडाऊन आणि जानेवारी २०२३मध्ये मोपाच्या नव्या विमानतळावरून सुरू झालेली उड्डाणं यांचीही आकड्यांत खूण ठेवावी लागते, नाहीतर कल चुकतो.

आता बाबांच्या अंदाजात मला काय भर घालता येईल ते सांगतो. ते एकच आकडा सांगतात, मी पल्ला सांगेन, कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती, आणि त्यातलं किती भरायचं हे नफा-तोट्यावर ठरेल. समज, माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या एका वाट्यावर ३० रुपये सुटतात आणि उरलेल्या वाट्यामागे १० रुपये बुडतात. मग ३० भागिले ४० (३० अधिक १०), म्हणजे ०.७५. शंभरातल्या पंचाहत्तर वेळा पुरेल इतका माल भरावा, सरासरीपेक्षा थोडा जास्तच. वाट्यामागे सुटणारे १० आणि बुडणारे ३० असते, तर हात आखडता घ्यावा लागला असता. कापूर पुढच्या वर्षीही विकता येतो, त्याला वेगळा हिशेब.

म्हणून माझी एक मागणी आहे. माळ्यावरच्या जुन्या खतावण्यांतली चतुर्थीच्या आधीच्या महिन्याभराची विक्री मला उतरवून दे, रोजची आणि मालागणिक. माल संपल्यामुळे गिऱ्हाईक परत गेलं असेल तो दिवस बाबांना आठवून विचार. वहीत फक्त खप दिसतो, मागणी दिसत नाही. शेवटची दोन वर्षं मी मॉडेलपासून लपवून ठेवीन, तेवढ्यांचा अंदाज बाबांकडून आणि मॉडेलकडून काढून घेऊ, मग दोन्ही खऱ्या विक्रीशी ताडून बघू.

खतावण्या कुठल्या वर्षापासूनच्या सापडतात ते आधी कळव. आईबाबांना नमस्कार.

तुझा,
समीर