वेबसाइटवर रफार-उकार कापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आईने मोबाइल हातात दिला नि विचारलं, "कायक्रम म्हणजे काय रे?" आमच्या गावच्या देवस्थानाची नवी वेबसाइट, त्यात जत्रोत्सवाचा 'कार्यक्रम', पण वरचा रफार कापलेला आणि खाली 'पूजा'चा ऊकार गायब, म्हणजे 'पजा'. बिचारी चष्मा पुसून पुसून वाचत होती.

मी फोंड्यात वेबसाइटचीच कामं करतो म्हणून कारण लगेच कळलं. टेम्प्लेट इंग्रजीच्या मापाचं, हेडिंगची लाइन-हाइट (म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या किती पट ते) १ आणि शिवाय ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे मापाबाहेर गेलेलं दिसणारच नाही. इंग्रजीला ते चालून जातं, पण आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, त्यांनी जायचं कुठे? मजकुराला निदान १.६ आणि हेडिंगला १.४ तरी ठेवाच. त्याहून वाईट म्हणजे लेटर-स्पेसिंग, छान दिसावं म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात, शब्द शब्द राहतच नाही. ते शून्यच हवं. इटॅलिक म्हणजे तिरकी अक्षरंही नकोत, बहुतेक देवनागरी फॉन्टांत ते नसतंच, ब्राउजर सरळ अक्षर ओढून तिरकं करतो.

फॉन्ट निवडताना मी आधी दोन शब्द टाइप करून बघतो, दर्या (समुद्र) आणि दऱ्या (डोंगरातल्या). आपल्या गोव्यात दोन्ही आहेत, पण कित्येक फॉन्टांना दुसरा जमत नाही, ऱ चा पाय मोडून य शेजारी उभा करतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेले 'मुक्त' (Mukta), 'बलू' (Baloo) असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात हो! आणि पानाची भाषा कोडमध्ये 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) लिहा, हिंदीची ठेवली तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

१६१६ साली आपल्या गोव्यातच, राशोलला, इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण हे काव्य छापलं, भाषा मराठी पण लिपी रोमन, कारण तेव्हा छपाईचे देवनागरी खिळेच नव्हते. आज सगळं हाताशी असून आपण अक्षरं कापतोय याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या देवस्थान समितीला सांगितलंय, जत्रेआधी मी स्वतः येऊन दुरुस्त करून देतो, तासाभराचं काम आहे, पैसे नकोत. दुसऱ्या कुठल्या देवस्थानाला, नाट्यमंडळाला किंवा शाळेला हवं असेल तर त्यांच्याकडेही येईन.

आपला,
एक वाचक, फोंडा